पाणी अजून स्वच्छ आहे

९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

इतके महिने पत्र नाही. माफी मागायची तर कारण द्यावं लागेल, आणि माझ्याकडे धड कारण नाही. फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं म्हणून पत्रंच लिहायची असं ठरवलं, आणि मग पत्रंही मीच बंद केली. लिहायला बसले की वाटायचं, आधी खरं काय ते नक्की करू, मग लिहू. ते काही नक्की झालं नाही. तेव्हा आता तसंच लिहिते.

आप्पा माझ्याकडे आल्याला वर्ष होत आलं. पहिले महिने कसे गेले ते मी तुला सांगितलं नव्हतं. आई गेल्यावर त्यांचं बोलणंच संपलं. तसे ते कधी बोलके होते म्हणा! आयुष्यभर बस चालवली, आणि 'चालकाशी बोलू नये' ही पाटी यांनी घरीपण लावलीय, असं आई म्हणायची. पण निदान 'हो', 'नाही', 'मीठ कमी आहे' एवढं तरी यायचं. इथे तेही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं, आणि उठून करायचं काय, हाही प्रश्न असेलच.

आता बातमी. मागच्या काचेच्या व्हरांड्यात आधीच्या मालकाचा गरम पाण्याचा टब आहे, आठवतो? फोटो बघून तू विचारलं होतंस, "विहीर विकत घेतलीस का?" तो काढून टाकायचाच होता. पण तो दारातून निघेना. टब आधी बसवला आणि व्हरांडा त्याच्याभोवती नंतर बांधला, असा प्रकार. तेव्हा वाटलं, पडलाच आहे तर आप्पांच्या गुडघ्यांना शेक तरी मिळेल. भरला, तापवला, त्यांना धरून आत बसवलं. त्यांनी डोळे मिटले. जेट सुरू केले, पाठीवर पाण्याचा मारा बसला, आणि ते म्हणाले, "तुझ्या आईला हे जमलं नसतं. तिला गुदगुल्या झाल्या असत्या."

दादा, मी टॉवेल धरून तशीच उभी राहिले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दुकानातून आले की आप्पा टबात आणि मी शेजारच्या स्टुलावर. ते बोलतात. बाहेर काढलं, अंग पुसलं की पुन्हा गप्प. पण पाण्यात असेपर्यंत बोलतात.

टब सांभाळणं हे मात्र एक जनावर पाळल्यासारखं आहे. सकाळी चाचणीची पट्टी बुडवायची, तिचे रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचे, क्लोरीनची पावडर मोजून टाकायची, आठवड्याला फिल्टर काढून नळीखाली धुवायचा. मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे रंगांच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. पट्टी रोज बरोबर येते.

पाणी तेवढं मी बदललेलं नाही. दर तीन महिन्यांनी सगळं सोडून नवं भरा, असं टबाच्या कंपनीचा माणूस म्हणाला होता. पण तळाचा स्क्रूसुद्धा मोजता येईल इतकं नितळ पाणी गटारात सोडायचं? आपण टँकरच्या रांगेत कळश्या घेऊन उभं राहिलेली मुलं. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, "स्वच्छ पाणी ओतायचं नाही." विषय संपला. वसंतात भरलेलं तेच पाणी आहे. कमी होतं तेवढी भर घालते.

आप्पांना थोडा खोकला आहे. हवा बदलली की होतो.

तुझी,
छोटी

---

२१ ऑक्टोबर

छोटे,

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीने ते माझ्याआधी वाचलं आणि म्हणते, "तुमच्या घरातली माणसं पाण्यात टाकल्यावरच बोलतात का? मग तुम्हालाही एकदा टाकून बघते." मी म्हटलं, मी कोरडाच पुष्कळ बोलतो.

खरं सांगू, वाचून जरा जळलो. आप्पा माझ्याशी चाळीस वर्षांत हवामानापलीकडे बोलले नाहीत. आणि तुझ्याकडे गुदगुल्यांपर्यंत पोचले! काय काय सांगतात, ते लिही. सगळं लिही.

इथे तेच. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी तीन जिने चढून जातो. शेजारचे म्हातारे रोज विचारतात, "काय मिस्त्री, आपली लिफ्ट कधी?" आधी खड्डा तरी खणू द्या म्हणतो.

खोकल्याचं काय? तू 'थोडा' लिहिलंस की मला धाकधूक होते. लहानपणी हात मोडला तेव्हाही तू 'थोडा दुखतोय' म्हणाली होतीस.

दादा

---

१६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

आप्पांचा खोकला वाढला आहे. थोडा नाही, बराच. कोरडा आहे. जिना सोड, मोरीपर्यंत जाऊन आले तरी धाप लागते. संध्याकाळी कणकण येते, सकाळी अंग थंड. कधीकाळी सिगारेट ओढायचे, त्याचंच हे, असं मी धरून चालले होते.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. छातीचा फोटो काढला. त्या भल्या बाई आहेत, घाई करत नाहीत. एकेक विचारत गेल्या. घरात पक्षी पाळलेत का? नाही. भिंतींना ओल, बुरशी? नाही. धूर, धूळ, पिसांच्या उशा? नाही, नाही, नाही. मी प्रत्येक उत्तर नीट विचार करून दिलं. वाटेत गाडीत पुन्हा सगळी उत्तरं मनात तपासली. एकही चुकलं नव्हतं.

थंडीमुळे व्हरांड्याच्या काचा आता बंदच ठेवते. जेट चालू केले की सगळं वाफेने भरून जातं, समोरचं माणूस पुसट दिसतं. त्या वाफेने आप्पांची छाती मोकळी होत असणार म्हणून हल्ली त्यांना आधीपेक्षा जास्त वेळ बसू देते. त्यांनाही तेच हवं असतं. बाहेर काढायला गेले की म्हणतात, "अगं, आत्ता तर बसलो!"

तू विचारलंस काय सांगतात. परवा म्हणाले, तुझ्या जन्माच्या वेळी त्यांची बस घाटात बंद पडली होती, आणि ते रात्रभर प्रवाशांना शिव्या देत होते. एकाने विचारलं, "एवढे चिडता का?" तर म्हणाले, "मला मुलगा झालाय की मुलगी, ते इथून कसं कळणार?" मग सगळ्या बसने पैज लावली. दोन प्रवासी सोडले तर सगळे मुलगी म्हणाले होते. "तुझा दादा जन्मल्याबरोबर एवढ्या लोकांना तोंडघशी पाडून आला," म्हणाले आणि हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली. ओठ निळसर वाटले. वाफेत नीट दिसलं नाही.

पाणी अजून स्वच्छ आहे. पट्टी बरोबर येते.

छोटी

---

४ डिसेंबर

प्रिय दादा,

हे पत्र हॉस्पिटलातून सुरू केलं होतं, घरी येऊन पुरं करते आहे. मागच्या आठवड्यात आप्पांना श्वास पुरेना म्हणून दाखल करावं लागलं. तुला फोन केला नाही, कारण तू काहीतरी बोलला असतास आणि मी त्यावर काहीतरी बोलले असते. हे कारण पुरेसं नाही, मला कळतं.

आश्चर्य म्हणजे तिथे ते आपोआप सुधारले. ऑक्सिजन लावला तेवढाच, औषधं साधीच. दोन-तीन दिवसांत ताप नाही, खोकला निम्मा. नर्स म्हणाली, "आजोबा, तुम्हाला आमचीच हवा मानवते, इथेच राहा." आप्पा काही बोलले नाहीत. तिथे असेपर्यंत एक शब्द नाही. भिंतीकडे तोंड.

घरी आणलं. दारातून आत आल्याबरोबर पहिला शब्द: "तापवलंयस ना?"

तापवलं होतं. त्याच संध्याकाळी बसले, आणि आईच्या लुगड्याला इंजिनाचं ग्रीस लागलं त्याची गोष्ट सांगितली. मी इतकी हसले की स्टुलावरून पडायची राहिले. रात्री पुन्हा कणकण. आज खोकला पहिल्यासारखा आहे. हॉस्पिटलातून काहीतरी संसर्ग घेऊन आले असावेत, तिथे काय काय असतं.

छोटी

---

१३ डिसेंबर

छोटे,

परवा फोनवर ओरडलो त्याबद्दल सॉरी. तू फोन ठेवलास तेही बरंच केलंस, मी अजून वाईट बोललो असतो. आता शांतपणे लिहितो.

तुझी तिन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसलो. मी डॉक्टर नाही. मला यंत्र बिघडलं की कधी बिघडतं आणि कधी चालतं, एवढंच बघता येतं. आप्पा टबात बसायला लागले, मग खोकला. काचा बंद झाल्या, जास्त वेळ बसायला लागले, मग खोकला वाढला. हॉस्पिटलात टब नाही, बरे झाले. घरी आले, बसले, त्याच रात्री ताप. तू दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलून विचारतेस ना, "आधीचं बरं दिसत होतं की आताचं?" मग हे तुला का दिसत नाही?

तू लिहिशील, पट्टी बरोबर येते. येत असेल. पण आमच्या कामात एक नियम आहे. लिफ्टबद्दल कोणी नुसतं म्हणालं, "आवाज वेगळा येतोय", तर आधी बंद करायची, दाराला पाटी लावायची, आणि मग कारण शोधायचं. लोक खाली उभे राहून आईबापाचा उद्धार करतात, करू देत. तुझं उलटं चाललंय. तू चालू ठेवून तपासतेस. तू फार नीट तपासतेस, छोटे, तेच तर भीतीचं आहे.

बंद कर. मग वाटल्यास मला मूर्ख ठरव.

दादा

---

२२ डिसेंबर

दादा,

तू माझ्या पाठीमागे डॉक्टरीणबाईंना फोन केलास. मला त्यांच्या तोंडून कळलं. "तुमच्या बंधूंचा फोन होता. घरात गरम पाण्याचा टब आहे म्हणाले. तुम्ही बोलला नाहीत?" त्यांनी रागाने नाही विचारलं. मी म्हणाले, "तुम्ही टबाबद्दल विचारलं नव्हतंत." हे वाक्य कोर्टात टिकेल. त्या खोलीत नाही टिकलं.

त्यांनी समजावून सांगितलं ते तुला लिहिते, म्हणजे तुझं समाधान होईल. टबातल्या पाण्यात एक जंतू वाढतो, त्याला गरम पाणी आवडतं. जेट त्या पाण्याचे बारीक तुषार करतात आणि ते श्वासातून आत जातात. ज्याला मी वाफ म्हणत होते ती वाफ नव्हती, ते पाणीच होतं. आणि मी वापरते त्या पावडरीत क्लोरीन टिकवणारं एक द्रव्य असतं. पाणी बदललं नाही तर ते साठत जातं, इतकं की क्लोरीन पट्टीवर दिसतं पण काम करत नाही. पट्टी खोटं बोलत नव्हती. मी तिला चुकीचा प्रश्न विचारत होते. फुप्फुसाच्या या दुखण्याला त्यांच्याकडे टबाच्याच नावाने ओळखतात. त्यांनी गोळ्या दिल्या आहेत. म्हणाल्या, "वेळेत थांबलं तर भरून येतं. पुन्हा पुन्हा झालं तर फुप्फुस कडक होतं, मग त्याला इलाज नाही. टब बंद. कायमचा."

तू जिंकलास. आता एक विचारू? तुला आप्पांची एवढी काळजी आहे, तर घेऊन जा त्यांना. तू ऐक त्यांचं गप्प बसणं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, "परत त्या पलंगावर टाकतेस."

पाणी या आठवड्यात सोडते.

छोटी

---

२ जानेवारी

छोटे,

जिंकायला काय ही मॅच आहे?

त्यांना आणायचं वहिनीशी बोललो. ती लगेच हो म्हणाली, मीच अडलो. तीन जिने, आणि आप्पांचे गुडघे. एकदा वर चढवले की खाली ते खांद्यावरूनच येतील. हे मी टाळण्यासाठी लिहितोय का? थोडं टाळण्यासाठीपण असेल. ते माझ्या घरी गप्प बसले तर मला तो माझा पराभव वाटेल, हेही आहे. तू खरं लिहितेस म्हणून मीही लिहिलं. उन्हाळ्यापर्यंत तळमजल्यावर खोली बघतो.

पाणी सोडलंस का? मला लांब पत्र नको. एका ओळीत कळव.

दादा

---

७ जानेवारी

दादा,

सोडलं. आप्पा बरे आहेत, झोपतात खूप.

छोटी

---

२९ जानेवारी

प्रिय दादा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जे होईल ते होवो, हेच पाठवते.

मी पाणी सोडलं नाही. सात तारखेला तुला लिहिलं ते खोटं होतं. लिहिताना वाटलं होतं, आज लिहिते, उद्या सोडते, म्हणजे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत ते खरं झालेलं असेल. मग आप्पा म्हणाले, "दोन दिवस थांब." मी थांबले. जेट बंद केले, झाकण लावलं. हीटर कमी केला, पण बंद केला नाही. का नाही केला, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं. पाणी गार पडलं की ते नुसतं पाणी होईल, असं काहीतरी उत्तर येतं. त्याहून खरं उत्तर असं की मला ते हवं होतं. गोळ्यांनी आप्पांचा खोकला खरंच थांबला होता. ते सुधारत होते, दादा, आणि घरात माणसाचा आवाज नव्हता. मी आले की ताट पुढ्यात ठेवायची, ते जेवायचे. मी भिंतीशी बोलल्यासारखी बोलायची.

मागच्या आठवड्यात मंगळवारी दुकानातून आले तर व्हरांड्याच्या काचा आतून पांढऱ्या झालेल्या. पंपाचा आवाज. आप्पा टबात. ते झाकण त्यांनी कसं ढकललं, पायऱ्या कशा चढले, मला अजून कळलेलं नाही. जेट पूर्ण जोरात. मला बघून लहान मुलासारखे हसले.

"आलीस? बस. तुला आईचं एक सांगायचं राहिलंय."

दाराशेजारी बटण आहे. माझा हात त्यावर होता. हे मी नीट लिहिते, कारण पुढे तू विचारशील आणि तेव्हा माझी आठवण सोयीची होत जाईल. हात बटणावर होता आणि मी ते दाबलं नाही. म्हटलं, गोष्ट संपू दे.

ते सांगत होते, लग्नानंतर पहिलं वर्ष आई रोज शेवटच्या फेरीला त्यांच्या बसमध्ये येऊन बसायची. अगदी मागच्या बाकावर. बोलायची नाही, चालकाशी बोलायचं नसतं ना. नुसती आरशातून दिसायची. डेपोत गाडी लावली की दोघं चालत घरी यायची. "एके दिवशी आरशात बघतो तर बाक रिकामा. मी गाडी भर रस्त्यात थांबवली..." आणि उबळ आली. ती थांबेना. मी बटण दाबलं तेव्हा ते पाण्यात घसरत होते.

शेजारच्यांना हाका मारून बाहेर काढलं. हॉस्पिटलात नऊ दिवस होते. डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो आधीच्या फोटोशेजारी लावून बघितला. मग म्हणाल्या, "आता जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय तेवढं राखायचं. आणखी एकदा जरी झालं, तरी मी काही करू शकणार नाही." घरी ऑक्सिजनचं यंत्र दिलंय, नाकात नळी असते. तुला तेव्हा फोन केला नाही. त्याला मात्र मी कारण देणार नाही.

काल त्यांना घरी आणलं. तुझ्या नियमाप्रमाणे मी बटणावर पाटी तरी लावायला हवी होती. मी व्हरांड्याचं दार लावून घेतलं, कुलूप लावलं नाही. झाकण उचलून बघितलं. तळापर्यंत दिसतं, दादा. इतकं स्वच्छ दिसतं.

आज दुपारी आप्पांना पाणी पाजत होते. ऑक्सिजनची नळी गळ्याशी घासत होती म्हणून सरळ केली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. हॉस्पिटलात गेल्यापासूनचे पहिले शब्द. आवाज असा की कान तोंडाशी न्यावा लागला.

"गरम आहे का?"

मी म्हणाले, "आहे."

'नाही' म्हणता आलं असतं. तेही खोटं ठरलं असतं, पण निदान कामाचं खोटं.

त्यांचा चेहरा सैलावला. म्हणाले, "मग उद्या ने. आईचं उरलेलं तिथे सांगतो."

"इथेच सांगा ना, आप्पा."

त्यांनी मान हलवली. "इथे आठवत नाही."

मी नाही म्हणाले नाही. पांघरूण नीट केलं. ते झोपले आहेत, यंत्र चालू आहे, आणि भिंतीपलीकडे टबाचा पंप आपल्या वेळेला सुरू होऊन फिरतोय. त्या रिकाम्या बाकाचं पुढे काय झालं, आई कुठे उतरली होती, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. आणि मला ते ऐकायचं आहे. किती ऐकायचं आहे, ते तुला लिहूनही कळणार नाही. म्हणून हे पत्र आत्ता, अंधार पडायच्या आत, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते. म्हणजे उद्या ते खोटं ठरवायची सोय माझ्याकडे राहणार नाही.

उद्या : आप्पा उठायच्या आत पाणी सोडणे.